पुढच्या खोलीतलं रबराचं झाड

आमच्या घरात रबराचं झाड आलं ते माझा रंग जरा उजळ दिसावा म्हणून. पुढे कुणी त्याबद्दल विचारलं की मी सांगायचे, आईला झाडांची हौस. आईला झाडांची काडीची हौस नव्हती. तिला हौस एकाच गोष्टीची होती, माझ्या लग्नाची. तीही हौस म्हणण्यापेक्षा धास्तीच होती.

युक्ती आत्याची. आत्या पुण्याला राहायची. दोन मुली उजवून ती मोकळी झाली होती, त्यामुळे या विषयात तिचा शब्द म्हणजे आमच्या घरात शेवटचा. त्या वर्षी ती दिवाळीला आली, पुढच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली. मी समोर लसूण सोलत होते. "वहिनी," ती म्हणाली, "हिच्या मागची भिंत पांढरी आहे, त्यामुळे ही आहे त्यापेक्षा काळी दिसते. मागे काहीतरी गडद ठेवा. आम्ही रबराचं झाड ठेवलं होतं." आईने लगेच भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत भिंतीकडे. मी लसूण सोलत राहिले. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही.

सावळी मी जन्मापासूनच. कोल्हापुरात सावळं असणं काही जगावेगळं नाही, अर्धं गाव सावळंच आहे. पण स्थळ म्हणून कुणी यायचं ठरलं की प्रत्येकाला मुलगी गोरीच हवी असायची, मुलगा स्वतः कसाही असो. म्हणून मी आठवीत गेले तेव्हापासून आईने मला सावलीत ठेवलं. गच्चीवर सांडगे वाळत घालायला धाकटा भाऊ जायचा. सायकल शिकायची नाही, कारण सायकलवर छत्री धरता येत नाही. जानेवारीच्या थंडीत छत्री घेऊन शाळेला जाणारी मी एकटीच होते. पोरं विचारायची, "काय, पाऊस आला व्हय?" भाऊ दिवसभर मैदानात पडलेला असायचा, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

आईवर मी पुष्कळ चिडले आहे, अजूनही चिडते, पण एक गोष्ट लिहायला हवी. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, तिला आयुष्यभर 'काळे' अशी हाक मारली. पाहुण्यांसमोरही. आई 'आले' म्हणून उठायची. मला ती हाक कुणी मारू नये एवढंच तिला हवं होतं, हे मला कळत होतं. कळून उपयोग काही नव्हता.

चौऱ्याण्णव साली मी बारावी झाले आणि शेतकी कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. ते येताना पेढे घेऊन आले. आईने पेढा हातात घेतला आणि विचारलं, "तितं काय शिकिवत्यात?"

"शेती," वडील म्हणाले. "पोरं रानात जात्यात, पिकं बघत्यात, माती तपासत्यात."

"म्हंजे उन्हात?"

"आता शेती काय माळ्यावर करत्यात व्हय?"

आईने पेढा परत पुड्यात ठेवला. "मग न्हाय," ती म्हणाली. "चार वर्सं रानात उभी ऱ्हायली तर काळी ठिक्कर पडंल. मग कोण करणार तिला? तुमी?"

वडील दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि विषय संपला. मी कॉमर्सला गेले. कॉमर्सला ऊन लागत नाही. मला ते शेतकी कॉलेज फार हवं होतं. त्यानंतर इतकं मनापासून काही हवंसं वाटलं ते फक्त एकदा, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

तर झाड. कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक रोपवाटिका होती. ती चालवणारे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. आईने तिथली सगळी झाडं बघून सगळ्यात काळपट हिरव्या पानांचं रबराचं झाड निवडलं. माझ्या खांद्याइतकं उंच होतं. चाचांनी विचारलं, "कुठं ठेवणार, ताई?"

"पुढच्या खोलीत. कोपऱ्यात."

"खिडकी हाय तितं?"

"हाय. पडदा लावलाय तिला."

चाचांनी मान हलवली. मग त्यांनी आपल्या पत्र्याच्या शेडच्या भिंतीसमोर हात धरून दाखवला. "असा हात धरायचा. सावली कापल्यागत दिसली तर ऊन लई झालं. पुसट दिसली तर ह्या झाडाला बरोबर. आन् सावली दिसलीच न्हाय तर तितं झाड ठेवू नका, देवाचा फोटो लावा."

"सावलीतलंच झाड हाय की हे," आई म्हणाली. "शोचं झाड हाय न्हवं?"

"शो तुमच्यासाठी, ताई. झाडाला काय म्हाईत आपण शोचं हाय म्हणून?"

रिक्षात कुंडी दोघींच्या मध्ये धरून आम्ही घरी आलो. "लईच शहाणा हाय," आई वाटेत म्हणाली. मला तो माणूस फार आवडला होता. माझ्या ओळखीत झाडाच्या बाजूने बोलणारा तो पहिलाच.

आमच्या पुढच्या खोलीला एकच खिडकी. तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत, आणि वर आईने लावलेला जाड मरून पडदा. मुलगी बघायचा कार्यक्रम आई नेहमी दिवेलागणीला ठेवायची. दिवसाउजेडी कुणी येतो म्हणालं तर घरात काहीतरी अडचण निघायची. ट्यूबलाइटखाली मी राखाडी दिसते असं तिचं मत होतं, म्हणून ट्यूब त्या दिवशी 'बिघडलेली' असायची आणि पिवळा शंभरचा बल्ब लागायचा. माझी खुर्ची ठरलेली. झाड आल्यावर आईने मला त्या खुर्चीवर बसवलं, स्वतः पाहुण्यांच्या जागी जाऊन बसली आणि कुंडी वीतभर इकडे, वीतभर तिकडे करायला लावली. शेवटी माझ्या डाव्या खांद्यामागे जागा पक्की झाली. तिथे फरशीवर तिने खडूने खूण केली. झाडाला किती उजेड लागतो हे त्या घरात कुणी मोजलं नाही, पण मला किती उजेडात दाखवायचं हे अगदी मोजून ठरलेलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आई कापसाच्या बोळ्याने झाडाच्या पानांना खोबरेल लावायची, चकाकावीत म्हणून. मग हात पुसून माझ्या तोंडाला साय आणि बेसन. एकाच दुपारी आम्हा दोघांना चोपडलं जायचं आणि संध्याकाळी शेजारी शेजारी मांडलं जायचं. पोहे, चहा, नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का. मग 'कळवतो'. एकदा ऐन कार्यक्रमात लाइट गेली. आईला बहुधा बरंच वाटलं असेल. पण मुलाच्या मामांनी खिशातून बॅटरी काढली आणि सरळ माझ्या तोंडावर मारली. माझे वडील हातातल्या बशीकडे बघत राहिले. मी डोळे मिटून बसले, आणि त्यांनीही 'कळवतो' म्हणून सांगितलं.

सहा महिन्यांत झाडाने मान टाकली. खालची पानं पिवळी होऊन गळाली, खोड पडद्याच्या दिशेने वाकलं. मी एका दुपारी घरात कुणी नसताना भिंतीसमोर हात धरला. सावली नव्हतीच. हात होता आणि भिंत होती, मध्ये काही नाही. मी आईला सांगितलं. "मग काय पडदा काढू?" ती म्हणाली. "गल्ली बघंल सगळी."

पण उघडं बोडकं झाड मागे ठेवून कार्यक्रम कसा करणार? म्हणून एप्रिलमध्ये एके दिवशी आईने स्वतःच उपाय केला. सकाळीच कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली, दिवसभर ऊन खाऊ दे म्हणून. दोन दिवसांपूर्वीचं खोबरेल पानांवर तसंच होतं. संध्याकाळी झाड खाली आणलं तेव्हा उरलेल्या पानांवर तळहाताएवढे तपकिरी डाग पडले होते. आईने रिक्षा करून, छत्री देऊन, मला एक करपलेलं पान घेऊन चाचांकडे पाठवलं.

चाचांनी पान बोटाने पुसलं आणि वास घेतला. "तेल लावून उन्हात ठिवलं? मासा तळायचा हुता व्हय?" मग माझा चेहरा बघून ते जरा निवळले. "हे बघ पोरी, अंधारात ठिवलेलं झाड एकदम उन्हात सोसत न्हाय. सवय मोडल्या त्याची. साबणाच्या पाण्यानं पानं पूस. पयला आठवडा सकाळी अर्धा तास बाहेर काढ, मग रोज जरा जरा वाढव. भिंतीला हात धरून बघत जा. घाई करशील तर मरंल."

अशी मला रोज सकाळी घरामागच्या परड्यात जायची परवानगी मिळाली. परवानगी झाडाला होती, मी त्याच्याबरोबर जायचे. परड्यात पूर्वेचं ऊन यायचं. मी कुंडी सरकवायचे, भिंतीसमोर हात धरायचे, सावली पुसट दिसेल तिथे झाड ठेवायचे, आणि ऊन सरकलं की पुन्हा सरकवायचे. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "झाड ठिवलंस न्हवं? मग आत ये." मी 'आले' म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. दंडावर सकाळचं ऊन पडलं की किती बरं वाटतं हे मला चोविसाव्या वर्षी कळत होतं. महिन्याभरात झाडाच्या शेंड्याला लाल टोक आलं आणि त्यातून कोवळं पान उलगडलं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यालाही तेल लागलं असतं.

त्याच सुमाराला पेठ वडगावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्याच शाळेत शिक्षक. कार्यक्रम नेहमीप्रमाणे दिवेलागणीला, पिवळ्या बल्बखाली. झाड खुणेवर. आम्हा दोघांना पाच मिनिटं बोलायला म्हणून मधल्या खोलीत पाठवलं. त्याने विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" मी म्हटलं, "झाडं." इतर मुलगे असं काही ऐकलं की हसायचे. हा हसला नाही. "आमच्या घरामागं बरीच मोकळी जागा हाय," तो म्हणाला. "विहीर हाय. काय लावायचं ते लावा."

काय लावायचं ते लावा. मी त्या रात्री जागेपणीच वाफे पाडले. कुठे मिरची, कुठे झेंडू, विहिरीच्या कडेला केळी. आठवड्याने होकार आला. सुपारी फोडायचा दिवस ठरवायचा तेवढा बाकी होता. आई देवासमोर रडली. मीही खूश होते, आणि खोटं नाही सांगत, मला तो माणूस जितका आवडला त्याहून त्याच्या घरामागची जागा जास्त आवडली होती.

सुपारीला पाहुणे जास्त येणार, म्हणून झाड चांगलं दिसायला हवं, असा आईचाच हुकूम होता. त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी परड्यात होते. अंगात जुना गाऊन, केस तेल लावून वर बांधलेले, पाय मातीचे. कुंडी जरा पुढे घ्यावी का बघायला मी भिंतीसमोर हात धरला होता. ऊन चेहऱ्यावर येत होतं आणि मी ते येऊ दिलं होतं. पुढचं दार आतून बंद होतं, आई देवपूजेला बसली होती. घराच्या बाजूच्या बोळातून कुणीतरी परड्यात आलं आणि मागून आवाज आला.

"काय गं पोरी, मालकीणबाई हाईत का आत? सांग जा त्यास्नी, वडगावच्या पावण्या आल्यात, जोतिबाचा परसाद घेऊन."

मी वळले. मुलाची आई होती. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाची पिशवी. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ओळख पटायला त्यांना जो वेळ लागला तो मी उभी राहून बघितला. "तूच व्हय ती?" त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हटलं. "या की, आत बसा."

त्या बसल्या, चहा घेतला, आईशी गोड बोलल्या, माझ्या कपाळाला गुलाल लावला. जाताना पुढच्या खोलीच्या पडद्याकडे आणि बल्बकडे एकदा बघून गेल्या. चौथ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जमत नाही. खरं कारण मला आईच्या फोनवरून कळलं. ती आत्याला सांगत होती, "दिव्याला एक दावली, उन्हात दुसरीच निगाली, असं म्हणल्या त्या." फोन ठेवल्यावर आई मला एकच वाक्य बोलली. "एका कुंडीपायी घालवलंस." मग तिने ती कुंडी उचलली, इतकी जड कुंडी, आणि फाटकाबाहेर कचऱ्याशेजारी नेऊन ठेवली.

मी महिनाभर पोस्टमनकडे डोळे लावून होते. काय लावायचं ते लावा म्हणणारा माणूस आपल्या आईसमोर माझ्यासाठी चार शब्द तरी बोलेल असं वाटत होतं. पत्र आलं नाही. त्याचाही राग आला, आईचा तर आलाच, पण सगळ्यात जास्त राग आला तो त्या झाडाचा. आईने कुंडी बाहेर ठेवली तेव्हा पूर्ण एक दिवस मी त्याला तिथे पडू दिलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नवी दोन पानं भर उन्हात ताठ उभी होती, एक डाग नाही. चाचांनी सांगितल्याप्रमाणे त्याला ऊन सोसायला लागलं होतं. मी त्याला आत आणलं आणि परड्याच्या कोपऱ्यात सरळ जमिनीत लावलं. आई दारातून बघत होती. तिने अडवलं नाही.

पुढे स्थळं विरळ होत गेली. मग बिजवर येऊ लागले, मग तेही थांबले. वडील गेले, भाऊ पुण्याला गेला. मी एका शाळेच्या कार्यालयात लागले. ती खोलीही आतली, दिवसा ट्यूब लावावी लागते. रबराचं झाड मात्र दोन-तीन वर्षांत गच्चीपर्यंत गेलं आणि पुढे गच्चीच्याही वर. त्याची मुळं मोरीत शिरतात म्हणून आई वैतागते, पण तोडायचं नाव ती कधी काढत नाही.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात आई न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि मी सोबत होते तर माझंही. दोघींचे कागद शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात ऊन येत नाही का?" मग म्हणाले, हाडं ठिसूळ होत चालली आहेत, गोळ्या घ्या आणि रोज अर्धा तास उन्हात बसा. "तुम्हीसुद्धा," ते मला म्हणाले. "तुमचं डी व्हिटॅमिन तर आईपेक्षा कमी निघालंय. या वयात असं दिसायला नको." आई तो कागद हातात धरून बसली. तिला वाचायला चष्मा लागतो, तो घरी राहिला होता, तरी ती बराच वेळ कागदाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात खुर्ची काढली. आता तिथे त्या झाडाचीच सावली दाट पडते, ऊन शोधावं लागतं. मी भिंतीसमोर हात धरत धरत एक जागा काढली, जिथे सावली स्पष्ट पडली, आणि आईला तिथे बसवलं. प्लास्टरचा हात तिच्या मांडीवर होता. ऊन तिच्या तोंडावर येत होतं. तिने पदर पुढे ओढला, मग डॉक्टरांचं आठवलं असेल, परत मागे केला. मी माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणायला वळले.

"तू कशाला थांबलीयास उन्हात?" आई म्हणाली. "आत हो. काळी पडशील."

मी बत्तीस वर्षांची होते. मला बघायला आता कुणी येणार नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, मायेनेच म्हटलं होतं. मी पूर्वीसारखंच 'आले' म्हटलं, आणि या वेळी खरोखरच आत गेले. थांबायचं होतं हे उंबरा ओलांडल्यावर लक्षात आलं. स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. मी पुढच्या खोलीत जाऊन माझ्या त्या खुर्चीशेजारी उभी राहिले. मरून पडदा अजून तोच आहे. सवयीने मी भिंतीसमोर हात धरला. सावली पडली नाही.